मोरीवाली मोटार

नंदनवन, नागपूर
ता. ९ एप्रिल १९७३

सुभद्रे,

तुले आणि तुझ्या मांडीवरच्या नव्या बाईले मिळून एकच आशीर्वाद पाठवून राहिली, अर्धा-अर्धा करून घ्या. जावईबुवाले वेगळा, पुढच्या पत्रात. या कागदात मावणार नाही.

छिंदवाड्याहून तुझं कार्ड पोचलं. पोरीचं नाव रुखमा ठेवलं हे वाचून मी इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या कुसुमताई भिंतीवरून डोकावल्या. लोक पोरींची काय-काय नवी नावं काढून राहिले, आणि तू नेमकं माझ्या सासूचं नाव उकरून काढलं! त्या बाईनं जन्मभर मले धाकात ठेवलं. आता तिच्याच नावाच्या पोरीले मी पायावर घेऊन न्हाऊ घालीन आणि रडली तरी सोडणार नाही. देव असते, बाई.

माझं अक्षर लागलं नाही तर जावईबुवाले वाचाले सांग. छोट्या लाईनीच्या रेल्वेगाडीवर गार्ड आहे, डुलत्या डब्यात लिहिणारा माणूस, त्याले कसंही अक्षर लागेल. माझी शाळा म्हणजे पारशिवनीची तिसरी. चौथीत बसली आणि म्हैस व्याली. मग कोणती शाळा!

आता बातमी. हे पत्र मी लिहून राहिली हे तुझ्या बाबाले ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, पण मी सांगितलेलं नाही.

तुझं कार्ड मी देवळीत ठेवलं होतं. संध्याकाळी पाहते तर पालथं. कार्ड उघडंच असते, वाचलं तर काही चोरी नाही, पण चार वर्षांत त्याईनं तुझ्या एकाही कार्डाले हात लावला नव्हता. जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ नाही." मीठ होतं. मी मिठाची वाटी सरकवली. रात्री अंगणात खाटेवर पडल्या-पडल्या आपल्याशीच म्हणाले, "रुखमाबाई." एवढंच. आपल्या आईचं नाव त्याईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि सकाळी उठून त्याईनं मोटारीचं मागचं दार उघडलं.

ते दार तुले आठवते ना? तुम्ही दोघं कोर्टात लग्न करून फाटकात येऊन उभी राहिली, आणि बाबा त्या दाराले हात लावून म्हणाले, "यापुढे माझ्या मोटारीत पाय ठेवायचा नाही." घर म्हणाले नाहीत, मोटार म्हणाले. रागात जे हाताशी असते तेच तोंडात येते. तूही त्याईचीच लेक. म्हणाली, "तुम्ही स्वतः घ्याले याल, तेव्हाच येईन." झालं. दोघंही आपापला शब्द धरून बसले आणि मी मधात लोणच्याच्या फोडीसारखी मुरत राहिली.

तेव्हापासून ते दार बंद. मोटार चिंचेखाली उभी. मी तिच्या टपावर पापड वाळवत होती, कुरड्याही. काळा पत्रा, एका उन्हात कडकडीत. मोटारीचा इतका उपयोग कोणी केला नसेल.

दार उघडत नव्हतं, सब्बल लावली. उघडलं तर आतून मांजरीनं फिस्स केलं. पिलं होती तिची. बाबा म्हणाले, "हट," आणि एक पाय आत टाकला. तो पाय आत गेला आणि तसाच खाली जमिनीवर गेला! तळाचा पत्रा जंगानं पापडासारखा झालेला. गुडघ्यापर्यंत अडकले. मी हसली.

"हसून काय राहिली? तेल आण!"

"कायले? पाय तळाले?"

खोबरेल लावून पाय काढला. खरचटलं थोडं, घाबरू नको. मग खाली बसून मोटारीच्या पोटात पाहत राहिले. मी विचारलं, आता काय? म्हणाले, "नवा तळ घालतो." मी विचारलं, काहून? म्हणाले, "विकायची आहे. तळाशिवाय कोण घेईल?"

विकायची असेल तर असो. मी लिहिलं, तू वाच.

तुझी आई


ता. २० एप्रिल १९७३

सुभद्रे, आणि रुखमे (एकेरी हाक मारताना अजून भीती वाटते, सासूबाई मागून येऊन उभ्या राहतील असं वाटते),

तू लिहिलं, आई, उगाच आस लावू नको. मी कुठं आस लावली? मी तर मोटारीचं लिहिलं. तू विचारलं नाहीस तरी पुढचं सांगते, कारण इथं मले दुसरं सांगाले कोणी नाही. कुसुमताईले सांगितलं की साऱ्या नंदनवनात होते.

बाबा आधी गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणे, भंगारात द्या. बाबा त्याच्याशी भांडले आणि घरी येऊन माझ्याशीही थोडं भांडले. मग पत्र्याचं काम करणाऱ्याले शोधाले निघाले, तर एप्रिलात नागपुरात पत्रेवाला भेटते का? सारे कुलर करून राहिले. शेवटी आपल्या चौकातला धोंडबा कुलरवाला सापडला. तो बोलतो फार. त्याच्या हातात कातर असते आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, तरी बोलणं थांबत नाही. म्हणाला, "चंपतरावजी, मी कुलर बनवतो, मोटार माझ्या बापानंही नाही बनवली. पण पत्रा तो पत्रा. फिकर नका करू, एकदम फस्क्लास!"

आला, मोटारीखाली शिरला, बाहेर आला, थुंकला.

"चंपतरावजी, बाकी सारा पत्रा ठणठणीत आहे. पुढं थोडासा जंग. पण मागची ही डावी बाजूच काहून सडली? इथं काय म्हैस बांधत होते का?"

बाबा छिन्नी उचलून ठोकाले लागले.

मी ओट्यावर कैऱ्या चिरत होती. मले हसू आलं आणि डोळ्यातही आलं. कैरीचं नाही. ती जागा तुझी होती, बाई. तू लहान असताना उन्हाळ्यात आपण पारशिवनीले निघायचो आणि कामठी सुटायच्या आधीच तू रडायची, पाय भाजते, पाय भाजते. तुझे तळवे असेच, आधीपासून गरम. मग तुझे बाबा तरट ओलं करून तिथं खाली अंथरायचे. विहीर दिसली की मोटार उभी, तरट ओलं, पुन्हा मोटार सुरू. पारशिवनी यायला दुपार व्हायची. मी कुरकुरायची, तर म्हणायचे, "पोरगी हसून राहिली ना? मग?" तू मॅट्रिक होईपर्यंत हेच चाललं. मोटारीच्या तळानं तुझं इतकं पाणी पिलं, तो सडणार नाही तर काय!

हे मी धोंडबाले सांगितलं नाही. तुले सांगून राहिली.

सडका भाग त्याईनं कापून काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत. माणूस सहज खाली बसेल एवढं भोक झालं. आता नवा पत्रा पाहिजे, तर धोंडबा म्हणे, जाड पत्रा बाजारात नाही, सारा कुलरवाल्यांनी उचलला. मे संपल्यावर पाहू.

"मे संपल्यावर?" बाबा म्हणाले. "मे संपल्यावर मले कायले पाहिजे?"

हे वाक्य नीट वाच, सुभद्रे. विकायची मोटार मे संपल्यावर विकता येत नाही का? मी पण नीट ऐकलं. पण बोलली नाही. बोललं की ते माघारी फिरतात, तुले माहीत आहे.

मग काय केलं सांगू? खोलीत गेले आणि आपला कुलर ओढत बाहेर आणला. तोच, आपल्यासमोर बसून बनवून घेतलेला, जाड पत्र्याचा, जो चौघांशिवाय हलत नव्हता. पंखा काढून ठेवला, वाळ्याच्या जाळ्या काढून ठेवल्या. म्हणाले, "धोंडबा, काप."

"चंपतरावजी, उन्हाळा आहे!"

"मले दिसते."

"काकू, तुम्ही तरी सांगा!"

मी म्हटलं, "काप रे बाबा. आम्ही म्हातारे झालो, आता आम्हाले थंडी वाजते."

आम्ही अंगणातच झोपतो. दुपारी मी पदर ओला करून घेते. मजेत आहो.

रुखमीचं वजन किती झालं ते लिही. गुटीत वेखंड कमी टाक.

तुझी आई


ता. २ मे १९७३

सुभद्रे,

तुझं कार्ड आलं. रुखमी पांघरूण लाथाडते, रात्रभर पाय झाडते, तळवे माझ्यासारखेच गरम, असं तू लिहिलं. हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं. कोणाले ऐकवलं असं नाही. घरात मोठ्यानं वाचायची सवय लागली मले.

आता आधी गंमत ऐक. धोंडबाच्या हातून जन्मभर चौकोनी डबेच झालेले. मोटारीचा तळ काही सरळ नाही, मधात उंटासारखं पाठाड आहे, त्याच्यातून चाकं फिरवणारा दांडा जाते. धोंडबानं पत्रा कापला, बसवला, तर पाठाडाशी फुगला. ठोकला तर दुसऱ्या बाजूनं फुगला. दोघं त्याच्यावर उभे राहिले, पाय आपटले, नाचले म्हण ना. कुसुमताईनं सारं पाहिलं. मी म्हटलं, अरे, पोलक्याले जसा चिमटा घेतो तसा घ्या की. बाबा म्हणाले, "हे पोलकं नाही." मी म्हटलं, बरं. मग घरात जाऊन रद्दीचा कागद कापून पाठाडावर बसवला, दोन ठिकाणी चिमटे घेतले, आणि तिथंच ठेवून कैऱ्यांकडे गेली. संध्याकाळी पाहते तर पत्र्याले दोन चिमटे. त्या दिवशी चहा बाबांनीच मांडला. साखर विसरले.

त्याच्या नंतर एक झालं ते तुले सांगणार नव्हती. कुलरच्या पत्र्यावर जस्त असते. ते घासून काढल्याशिवाय पत्रा जोडाले झाळ मारली तर पांढरा धूर निघते. धोंडबा म्हणाला, काही होत नाही. गॅसवाल्याले बोलावलं, झाळ सुरू केली, आणि तिघांनी मिळून तो धूर खाल्ला. रात्री बाबा आणि धोंडबा आमच्या अंगणात, गॅसवाला त्याच्या घरी, भर उन्हाळ्यात गोधड्या घेऊन कुडकुडत पडले! मी गूळ घालून दूध पाजलं. सकाळी बरे. मग चुपचाप विटेच्या तुकड्यानं कडा घासत बसले. आता ठीक आहेत. खोकला तेवढा आहे, तो आधीपासूनचा.

झाळ बसली. वरून लाल रंग, खालून डांबर. इंजिन बाबांनी आधीच चालू करून घेतलं होतं, टायरही नवे. धोंडबा म्हणाला, "आता पाहा चंपतरावजी, हत्ती बसवा!" आणि निघाला.

बाबा म्हणाले, "थांब. इथं एक भोक पाड."

कुठं? डाव्या बाजूले, मागं. तुझ्या जागेवर.

"आता तर भोक बुजवलं!"

"लहान पाड. कुलरच्या टाकीले ठेवतोस ना पाणी सोडाले, तसं. उतार दे. आणि बूच लाव."

"मोटारीले मोरी?" धोंडबा खर्रा थुंकून मोकळा झाला. "चंपतरावजी, तुम्ही मोटारीत आंघोळ करणार का?"

"तू भोक पाड."

सुभद्रे, मी तशीच स्वयंपाकघरात गेली आणि डाळीच्या डब्याले धरून उभी राहिली. विकायच्या मोटारीले मोरी कोण ठेवते, वं? पाणी साचून पुन्हा सडू नये म्हणून मोरी. आणि पाणी कायले पाहिजे? तूच सांग. मी तर कोणाचे तळवे गरम आहेत ते मोठ्यानं वाचलं होतं, एवढंच.

पण थांब, खुश होऊ नको. मी झाली आणि फसली. कारण परवा खरंच गिऱ्हाईक आलं. रामदासपेठेतले एक वकील, जुन्या मोटारींचे शौकीन. बाबांनीच बोलावलेलं. मले वाटलं, माणूस खरंच विकून राहिला, आणि मी तिकडे पोरीले ओल्या तरटाच्या गोष्टी लिहून राहिली. वकिलानं सारी मोटार पाहिली, हॉर्न वाजवला, मागं बसले, खूश झाले. मग पायाखाली पाहिलं.

"हे काय?"

"मोरी," बाबा म्हणाले.

"हे बुजवून द्या, मग नक्की करू."

"मोरी राहील."

"अहो, पण मोटारीत मोरी कशाला?"

"ज्याले मोरी नको, त्याले ही मोटार नको," असं म्हणून बाबांनी मागचं दार उघडून धरलं. वकील उतरले. बिचाऱ्यांनी सरबतही पूर्ण पिलं नाही.

मी विचारलं, "आता कोणाले विकणार?"

म्हणाले, "पाहू."

त्याईचं 'पाहू' म्हणजे काय ते मले कळते, पण या खेपी मी तुले लिहिणार नाही. मागच्या खेपी लिहिलं आणि वकील आला.

तुझी आई


ता. ८ मे १९७३

सुभद्रे,

हे पत्र डाकेनं येऊन नाही राहिलं. ज्याच्या हातून आलं त्याले आधी पाणी दे, गूळ दे, मग वाच. मी म्हटलं, छिंदवाड्याकडे कोणी जात असेल तर हे द्या. तुझे बाबा म्हणाले, "मी सौसरले चाललो, बियाण्याचं काम आहे." आपल्या बियाण्याच्या दुकानाचं काम असतेच या दिवसांत, खोटं नाही. "सौसरहून छिंदवाडा काही लांब नाही, देता येईल." मी म्हटलं, हो ना, लांब नाहीच. मधात फक्त अख्खा घाट आहे.

आता मी पहाटे कंदिलाजवळ बसून लिहून राहिली आणि ते बाहेर मोटार पुसून राहिले. पाण्याची छागल भरून पुढं टांगली आहे. कुलरच्या वाळ्याच्या जाळ्या, त्या काढून ठेवलेल्या, कापून मागच्या दोन्ही खिडक्यांना बांधल्या आहेत. सुतळीच्या गाठी त्याईनंच मारल्या, सोडवताना नखं तुटतील. सौसरच्या बियाण्याले वाळ्याची हवा लागते का हे मी विचारलं नाही.

हे विचारलं मात्र. राहवलं नाही. चार वर्षं गप्प बसली, एकदा तरी विचारणारच. म्हटलं, "आणि तुमचा शब्द? मोटारीत पाय ठेवायचा नाही म्हणाले होते तो?"

हातातलं फडकं थांबलं. मग मागचं दार उघडून खाली बोट दाखवलं.

"ज्याच्यावर पाय ठेवू नको म्हटलं होतं, तो पत्रा भंगारवाल्यानं नेला. हा कुलर आहे. कुलरबद्दल मी काही बोललो नव्हतो."

मी हसली नाही, शपथ. तोंडात पदर धरला. सुभद्रे, या माणसानं तळाचा पत्रा बदलून आपला शब्द सोडवून घेतला! पहिल्यापासून हेच डोक्यात होतं की धोंडबाबरोबर नाचता-नाचता सुचलं, ते त्याईलेच ठाऊक.

आता तुझा शब्द. तू म्हणाली होती, स्वतः घ्याले याल तेव्हाच येईन. मी तिथंच उभी होती, मी नीट ऐकलं. 'घ्याले याल' म्हणाली होती, 'चल म्हणाल' असं नव्हती म्हणाली. ते 'चल' म्हणणार नाहीत. दारात उभे राहतील, टोपी काढतील, पुन्हा घालतील, आणि म्हणतील, "मोटार उन्हात उभी आहे." त्याईच्या बोलीत यालेच 'चल' म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांत मी एवढंच शिकली, पण ते पक्कं शिकली.

रुखमीले त्याईच्या हातात दे. घाबरतील, म्हणतील, मले धरता येत नाही. तरी दे. आणि तिच्या तळव्याले हात लावू दे.

जावईबुवाले सांग, त्याईले ड्युटी असेल तर हरकत नाही, पण सुटी मिळाली की यावं. त्याईचा आशीर्वाद मी पहिल्या पत्रात उधार ठेवला होता, तो इथं येऊन न्यावा. बाबा त्याईच्याशी पहिल्या दिवशी बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटार दाखवतील. मोरीचं कौतुक करा म्हणावं, बाकी मी पाहून घेईन.

दुपार तिथंच काढा. उन्हं कलली की निघा. मी इकडे पाळणा उतरवून धुतला आहे, सासूबाईंच्याच हातचा, आता त्यांच्याच नावाच्या पोरीसाठी. कुसुमताईले मी काही सांगितलं नाही, त्यामुळे साऱ्या नंदनवनाले माहीत आहे.

आत्ताच बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर वाकून तरट अंथरून राहिले, डाव्या बाजूले, मागं. मी म्हटलं, "अवो, ती इथून नाही बसणार, छिंदवाड्याहून बसेल. तोवर वाळेल."

म्हणाले, "रस्त्यात विहिरी आहेत."

"हाही पत्रा सडेल."

"सडू दे. नागपुरात कुलर काय कमी आहेत?"

तर बाई, एवढंच. बाकीचं तोंडानं. मोटारीत चढताना वर पाहू नको, ते रडत असतील तर त्याईले आवडणार नाही. खाली पाहा. तरट ओलं आहे.

पाय ठेव.

तुझी आई